इनास मास्तर आणि मागाहून घातलेली गोष्ट

इनास मास्तर चिडले की आधी चष्मा काढून खिशात ठेवत. समोरच्याचं तोंड स्पष्ट दिसलं तर आपण मवाळ पडू, अशी त्यांना धास्ती असे. एसटी चुकली, मासळी शिळी निघाली, पोराने दुसऱ्याचं उतरवलं, की चष्मा खिशात. कट्टा गावच्या हायस्कुलात ते शुद्ध मराठीत रागवत आणि आमच्या शेजारच्या आपल्या घरी आले की मालवणीत. "खोटा बोलणाऱ्याक मी माफ करीन," ते म्हणत, "पण ठावक असान गप रवणाऱ्याक नाय."

त्यांच्या मयताला सगळी वाडी लोटली होती. जो तो त्यांच्या खरेपणाचं कौतुक करत होता. त्या कौतुकाचा मला अजून संताप येतो, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या वाडीत रस्त्याकडेच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, मे महिन्यात लादीन होई. रोज एका घराची पाळी. त्या घराने मेणबत्त्या लावायच्या, सगळ्यांनी मिळून प्रार्थना गायची आणि शेवटी उकडलेले चणे वाटायचे. लादीन मास्तर चालवत. शुभवर्तमान वाचायची वेळ आली की त्यांची एक गोष्ट ठरलेली होती, व्यभिचारासाठी दगड मारायला येशूपुढे ओढून आणलेल्या बाईची, जिला त्याने 'ज्याने पाप केलं नाही त्याने पहिला दगड मारावा' म्हणून सोडवलं. ती वाचताना त्यांचा आवाज भरून येई.

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. भाच्याने त्यांना मुंबईहून टिपांसकट एक जाड इंग्रजी बायबल आणून दिलं. त्यात नेमकी त्या गोष्टीखाली बारीक टीप होती. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा भाग नाही, तो मागाहून आला असावा. मास्तर तडक फादरकडे गेले. फादर बाहेरगावचे, शिकलेले आणि गोड बोलणारे. म्हणाले, "खरं आहे, मास्तर. सेमिनरीत आम्हांला हे शिकवतात. पण साध्या लोकांना सांगून त्यांची श्रद्धा कशाला डळमळीत करायची?"

संध्याकाळी मास्तर आमच्या ओट्यावर येऊन बसले. "जल्मभर माझ्याकडसून वाचून घेतलानी आणि माका सांगूक नाय," ते म्हणाले. "देवाक कसलो भय? भय ह्यांका."

त्यांनी चर्चमध्ये मिस्साला जाणं सोडलं. बाजारात, एसटीत, भेटेल त्याला ते ती टीप सांगत सुटले. लोक त्यांना टाळू लागले.

त्याच वर्षी आमची आई वारली. माझ्या थोरल्या बहिणीला, कातरीनला, लग्नावाचून मूल झालं होतं. मुलाचा बाप मिस्साला पुढच्या बाकावर बसायचा, त्याला कधी कोणी एका शब्दाने विचारलं नाही. कातरीन मात्र वाळीत पडल्यासारखी जगत होती. आईची लादीनची पाळी आता तिच्याकडे आली. इतक्या वर्षांत तिने वाडीकडे मागितलं ते एवढंच, की आईच्या नावाची लादीन आपल्या हातून व्हावी. चर्चच्या कमिटीतल्या मिंगेलकाकांनी सांगितलं, यंदा ही पाळी वगळायची.

चर्चच्या पडवीत बैठक भरली. मास्तर आले आणि त्यांनी त्या बाईची गोष्ट काढली. मिंगेलकाका हसले. "मास्तर, ती गोष्ट मागसून घातलेली मा? तुमीच सांगत फिरतास." फादर जमिनीकडे बघत राहिले. मला मास्तरांचाच राग आला. आमच्या बाजूने बोलणारं एवढंच काय ते होतं, आणि ते या माणसाने आपल्या हाताने घालवलं होतं.

चष्मा खिशात गेला. "होय, मागसून घातली," मास्तर म्हणाले. "पुस्तक पुरा झाला होता. तरी कोणाक तरी वाटला, ही बाई भायर रवली तर ह्या पुस्तकाचो उपेग काय? म्हणान तेना ती घातल्यान. आदी मी पुस्तकाक देव मानी होतंय. आता मी त्या लिवणाऱ्याच्या बाजून आसंय. तुमका ती गोष्ट आयती गावली, तरी तुमी बायलेक भायर काढतास."

कमिटी बधली नाही. वाडीत शांतता राहावी म्हणून फादरांनीही कमिटीचंच ऐकलं. शांतता म्हणजे कोणाची, हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

कातरीनने तरीही पाळी केली. सगळ्या वाडीला पुरतील एवढे चणे उकडले. खुरसापाशी ती, मी आणि मास्तर. मास्तरांनी आधी स्पष्ट सांगितलं की ही गोष्ट मागाहून आलेली आहे, आणि मग ती पूर्वीसारखीच वाचली. नंतर ते एकेका संताचं नाव गाऊ लागले आणि आम्ही दोघी उत्तर देऊ लागलो, "ओरा प्रो नोबिस." आमच्यासाठी विनंती कर. थोड्या वेळाने आजूबाजूच्या घरांच्या अंधाऱ्या खळ्यांतून, अंगणांतूनही उत्तरं येऊ लागली. जन्माची सवय होती ती. कातरीनचे डोळे भरून आले.

मास्तर गायचे थांबले. "खळ्यातसून म्हणू नकात," ते मोठ्याने म्हणाले. "येवचा आसात तर हय येवा, नायतर गप रवा."

आवाज बंद झाले. आम्ही वाट पाहिली. एकही माणूस आला नाही.

कातरीनने पदराने तोंड पुसलं. "मास्तर," ती म्हणाली, "फुडचो संत घेवा."

उरलेले सगळे संत आम्ही तिघांनीच पुरे केले.