धोंडूबाई आजारी का पडली नाही

वैशाखरे गावात गेल्या तीस वर्षांत जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक मूल पहिल्यांदा न्हालं ते धोंडूबाईच्या पायांवर. बाई हाताने हलकी, जिभेने जड.

गेल्या माघात शेजारच्या किशोरच्या हळदीला सगळी आळी जेवली आणि दुसऱ्या दिवशी सगळी आळी आडवी झाली. घरोघरच्या ओकाऱ्या धोंडूबाईने धुतल्या. तीही त्याच पंगतीत जेवली होती, पण तिला साधी मळमळही झाली नाही. लोक उठून बसले आणि कुजबुज सुरू झाली, की हिलाच कसं काही झालं नाही, हिला मंतर येतात. बाळं न्हाऊ घालायला तिला कोणी बोलवेना. माझी नात महिन्याची होती. सून कुणालीने धोंडूबाईला बोलवू का विचारलं तेव्हा मीही म्हणालो, चार दिवस जाऊ दे. हे लिहिताना लाज वाटते.

आठव्या दिवशी नर्स माधुरी चौकशी करत आमच्या ओटीवर आली. धोंडूबाई रस्त्याने जात होती, तिलाही तिने बसवून घेतलं. आजाऱ्यांच्या तपासणीत नोरो नावाचा विषाणू निघाला होता. त्याचे दहा-वीस कण पोटात गेले तरी पुरतात, असं ती म्हणाली. आतड्याच्या पेशींवर एका जातीच्या साखरेचे बारीक तुरे असतात, त्यांना तो आधी चिकटतो. मग पेशी स्वतःच त्याला आत ओढून घेते, आणि तो तिच्याकडूनच आपल्यासारखे हजारो घडवून घेतो.

"माळावरनं आलं की कुसळं धोतराला चिकटतात ना, बाबा? उघड्या पायाला नाय चिकटत. काही माणसांच्या आतड्यात ते तुरे जन्मापासूनच नसतात. मावशी त्यातल्या असतील. तपासल्याबिगर नक्की नाय सांगता येणार."

"म्हंजे माज्या आतच गोडी नाय," धोंडूबाई म्हणाली. "सासू हेच बोलायची."

माधुरी हसली. मला हसू आलं नाही. पंचाहत्तर वर्षं मी हे पोट घेऊन हिंडतोय. आत असं रान आहे, आणि डोळ्यांना न दिसणारा पाहुणा कुठे टेकणार हे साखरेच्या एका तुऱ्यावर ठरतं, याचा मला पत्ता नव्हता. आणि मी त्या बाईचा निवाडा करून बसलो होतो.

कुणाली दारात उभी होती. मी उठलो, तिच्या खांद्यावरून नातीला घेतलं आणि धोंडूबाईच्या मांडीवर ठेवलं.

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरीची हनुवटी बोटाने वर केली.

"पाणी ठेव गो," ती कुणालीला म्हणाली. "आठ दिवसांत पोरीच्या मानेच्या वळीत मळ साठवलाय तुमी लोकांनी."