त्या रविवारी खोली उघडी होती

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित तुमच्याशी बोलता येईल. सात वर्षं मी हे एकट्यानं वागवतो आहे. बायकोला सांगितलं नाही. ज्या चार माणसांच्या मांडीला मांडी लावून दर रविवारी बसलो, त्यांना तर नाहीच. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा शाळेच्या कामाचं निमित्त करून उठलो. आज शाळेला सुटी आहे. आज निमित्त नाही.

साताऱ्यात आमचं एक मंडळ होतं – अजून आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही. कोर्टाची पायरी चढायला जे घाबरतात, अशांना रविवारी फुकट सल्ला द्यायचा, अर्ज लिहून द्यायचे, गरज पडली तर वकील उभा करायचा, एवढंच काम. ते चालवणारे आम्ही पाच जण. अध्यक्ष अण्णासाहेब, निवृत्त मुन्सफ. वामनराव वकील. एक डॉक्टर. पलटणीतून घरी आलेले एक सुभेदार. आणि मी – एका शाळेचा हेडमास्तर, मंडळाचा चिटणीस. पगार कुणालाच नव्हता. वाचनालयामागची एक खोली, एक बाक, दोन चटया, पाण्याचा माठ, आणि कोण आलं, कुठून आलं, काय अडलं हे लिहायची नोंदवही. ती वही माझ्या ताब्यात असे.

मला त्या कामाचा अभिमान होता. हे आधी का सांगतो? कारण पुढचं सांगायला वेळ लावतो आहे. तुमच्या ते लक्षात आलंच असेल.

बेचाळीस साल, दिवाळीनंतरचा एक रविवार. कडेगावकडच्या एका खेड्यातून हणमंत सुतार आणि त्याची थोरली बहीण सोना अशी दोघं आली. मध्यरात्री निघून कऱ्हाडपर्यंत चालत, तिथून मोटारीनं. सोनाचा नवरा सांगलीला होता. त्यानं दुसरी बायको करून हिला माहेरी पाठवलं होतं. तिला पोटगी हवी होती. पण नवरा सांगली संस्थानात आणि ही इंग्रजी मुलखात – दावा कुठे लावायचा, हे सांगायला वकीलच हवा. आणि वामनराव नेमके त्या दिवशी एका कामासाठी सांगलीला गेलेले. संध्याकाळच्या गाडीनं येतो म्हणाले होते. म्हणून मी त्या दोघांना बसवून ठेवलं. अकरा वाजल्यापासून पार दिवेलागणीपर्यंत. आणखी चार माणसं होती, तीही बसली. बाकाचा एक पाय डुगडुगत होता. हणमंतानं नुसतं बसण्यापेक्षा बरं म्हणून तो पाचर मारून घट्ट केला. सोनाला भोवळ आल्यासारखं झालं, तेव्हा मी माठातलं पाणी दिलं. सहाही जणांची नावं माझ्या हातानं वहीत लिहिली. वामनरावांची गाडी चुकली, ते आले नाहीत. मी सगळ्यांना पुढच्या रविवारी यायला सांगून खोली बंद केली.

त्याच दुपारी हणमंताच्या गावची चावडी जाळली गेली.

ते दिवस तुम्हाला आठवत असतील. कुठे तारा तुटत होत्या, कुठे दप्तरं जळत होती, आणि पोलिसांना माणसं हवी होती. मंगळवारी हणमंताला धरलं. गावच्या पाटलाचं आणि त्याचं आधीचं वाकडं होतं. पाटलानं सांगितलं, मी ह्याला पळताना पाहिला.

हे मला कसं कळलं? एका फौजदारानं मला चहाला बोलावलं.

इथेच मी दोन्ही वेळा उठलो होतो. कारण इथे काहीतरी घडलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं धमकी दिली असती, टेबलावर हात आपटला असता, तर निदान तुम्ही म्हणाला असता – बिचारा घाबरला. तसलं काही झालं नाही. तो माणूस सभ्य होता. खारी बिस्किटं पुढे केली. कडेगावकडची चावडी जळाली, एक सुतार धरलाय, असं सहज सांगितलं. मग म्हणाला, "गुरुजी, रविवारी तुमच्याकडे बरीच मंडळी येतात म्हणे. लांबलांबची. आणि शाळा बरी चाललीय ना?" एवढंच. मला वाटतं, त्याला हणमंत आमच्याकडे आला होता हे ठाऊकसुद्धा नव्हतं. मी "हो, बरी चाललीय" म्हणालो, चहा संपवला आणि घरी आलो.  मी कशाला भ्यालो, ते अजून मला नीट सांगता येत नाही.

घरी आल्या आल्या वही काढली. त्या रविवारचं पान दाढीच्या पात्यानं मुळातून कापलं आणि चुलीत घातलं. बायको भाकरी थापत होती. काय जाळलंत, म्हणून तिनं विचारलं. म्हटलं, पोरांचे पेपर.

पुढच्या रविवारी सोना आली – एकटी. बाकीची चार माणसं अजून आली नव्हती. त्या दिवशी आम्ही पाचही जण हजर होतो. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं की तिच्या भावाला धरलंय, आणि ज्या वेळी चावडी जळाली त्या वेळी तो ह्याच खोलीत होता. बहिणीची साक्ष कोर्ट धरत नाही असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. "तुमच्यातलं कुनी तरी उभं ऱ्हावा," ती म्हणाली. "वही दावली तरी लय झालं."

आता हे नीट ऐका. कारण नंतर कितीतरी दिवस मी माझी समजूत घालत होतो की मी मंडळासाठी केलं. सरकारची नजर पडली तर मंडळ बंद पडेल, शेकडो गरिबांचं नुकसान होईल, एका माणसापायी – असं. पण तो प्रश्न त्या दिवशी बोलला गेला होता, आणि निकालात निघाला होता. डॉक्टरांनीच तो काढला. अण्णासाहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "माणूस इथे असेल तर आपण कोर्टात उभं राहायचं. मंडळ बंद पडलं तर पडू दे." सुभेदार म्हणाले, "व्हय, पडू दे. त्यात काय." वामनरावांनी मान डोलावली. चार माणसांनी एका सुतारासाठी सगळं पणाला लावायचं ठरवलं होतं – आणि मग चौघांनी माझ्याकडे पाहिलं. कारण त्या रविवारी फक्त मी होतो.

मी म्हणालो, "गेल्या रविवारी बैठक झालीच नाही. वामनराव सांगलीला होते, म्हणून मी खोली उघडलीच नाही."

माझा आवाज कापला नाही. वर्गात सांगतो तसं सांगितलं. वामनरावांनी वही उघडून पाहिली. आधीच्या रविवारची नोंद होती, मधली नव्हती. त्यांनी वही मिटली. आणखी तपासायची त्यांना गरज वाटली नाही. का वाटावी? वीस वर्षांची ओळख होती आमची.

सोना माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आला नव्हता. तिला वाटलं, माझी काहीतरी चूक होते आहे आणि आठवण करून दिली की मी दुरुस्त करीन. "गुरुजी," ती म्हणाली, "तुमी मला पानी दिलंसा की. मला घेरी आल्ती. हितंच बसली हुती मी." मी म्हणालो, "मला आठवत नाही, बाई." मग तिनं हणमंतानं मारलेली पाचर दाखवली. बाकाखाली वाकून दाखवली. पाचर कुठल्याही सुतारानं कधीही मारलेली असू शकते – असं मी म्हणालो. हो, मीच म्हणालो. दुसरं कुणी नाही.

अण्णासाहेब कठोर माणूस नव्हते. पण आयुष्यभर खोट्या साक्षी ऐकून त्यांना एकाच गोष्टीची चीड होती. ते तिला म्हणाले, "बाई, खोटं सांगून भाऊ सुटत नसतो." आणि मंडळाचा नियम होता – खोटं बोलणाऱ्याचं काम घ्यायचं नाही. तिनं त्या दिवशी बरोबर आणलेला पोटगीचा अर्जही तिथेच परत केला गेला. तो मीच तिच्या हातात दिला. तिनं तो पदराच्या टोकात बांधला आणि निघून गेली. 

त्या दिवशी तरी मी बोलू शकलो असतो. तिच्या मागोमाग रस्त्यावर जाता आलं असतं. खटला उभा राहायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत कुठल्याही सकाळी कोर्टात जाता आलं असतं. त्या रविवारच्या चार माणसांतले दोघे नंतरही खोलीत येत राहिले. मी त्यांच्यासमोर बसून अर्ज लिहीत असे आणि मनात म्हणत असे, हे आता बोलतील. त्यांना कुणी विचारलंच नाही, म्हणून ते बोलले नाहीत. हणमंताला पाच वर्षांची शिक्षा झाली.

भाऊ तुरुंगात, सुतारकीची हत्यारं विकलेली, घरात दुसरं कुणी नाही. सोना सांगलीला नवऱ्याच्या दारात गेली. त्यांनी ठेवून घेतली – मोलकरणीसारखी. सवतीची बाळंतपणं तिनं काढली म्हणे. पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात तापानं गेली. वामनरावांना सांगलीच्या कोर्टात कुणाकडून तरी कळलं. त्यांनी आमच्या बैठकीत सांगितलं – ती बाई, आठवते का, भावासाठी खोटं बोलली होती ती, वारली बिचारी. अण्णासाहेब म्हणाले, भावावर माया होती तिची. मी पुढचा अर्ज वाचायला घेतला.

त्याच वर्षी अण्णासाहेब गेले. त्यांच्या जागी उरलेल्या तिघांनी मला अध्यक्ष केलं.

शेहेचाळीसमध्ये पुष्कळ कैदी सुटले, त्यांत हणमंतही सुटला. गावात त्याचा सत्कार ठेवला – चावडी जाळणारा वीर म्हणून. ज्या पाटलानं साक्ष दिली होती तोच मांडव घालायला पुढे होता. आणि सभेचं अध्यक्षपद द्यायला त्यांना साताऱ्याचे कुणी प्रतिष्ठित गृहस्थ हवे होते. मला बोलावणं आलं. मी गेलो. का गेलो? नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

हणमंत वाळून गेला होता. त्याचा उजवा हात थरथरत होता. त्या हातानं आता रंधा धरवणार नव्हता. मी हार घेऊन पुढे झालो, तेव्हा त्यानं मला ओळखलं. मला वाटलं, आता तो बोलेल, सगळ्यांसमोर बोलेल – आणि खरं सांगतो, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. पण तो हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "गुरुजी, म्या काय बी जाळलं न्हाई. तुमाला ठावं हाय. ह्यास्नी सांगा की. माजी अक्का लबाड नव्हती, येवढं तरी सांगा."

त्याला माझ्याकडून तेवढंच हवं होतं. शिक्षा भोगून झाली होती, इंग्रज जायला निघाले होते, फौजदार बदलून कुठल्या कुठे गेला होता. त्या मांडवात मला कुणाचीही भीती बाळगायचं काही कारण उरलं नव्हतं. मी त्याच्या गळ्यात हार घातला. मग लोकांकडे वळून म्हणालो, "बघा, किती विनयशील माणूस आहे. मी काहीच केलं नाही, म्हणतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हणमंतानं मान खाली घातली ती सभा संपेपर्यंत वर केली नाही.

बेचाळीस साली मी भ्यालो होतो, असं म्हणता येईल. त्या मांडवातल्या गोष्टीला काय म्हणायचं, मला शब्द सापडलेला नाही.

ह्या कागदांची एक नक्कल मी उद्या वामनरावांकडे देणार आहे. बरोबर अध्यक्षपदाचा राजीनामा आहे. त्यांनी हे बैठकीत वाचावं, सुभेदारांना आणि डॉक्टरांना दाखवावं, त्या गावच्या लोकांपुढे ठेवावं – त्यांना योग्य वाटेल ते करतील. हणमंताकडे मात्र मी गेलेलो नाही. गेल्या आठवड्यात कऱ्हाडपर्यंत गेलो होतो. मोटारीतून उतरलो, त्याच्या गावाचा रस्ता धरला, थोडं चाललो आणि पुढच्याच मोटारीनं परत आलो.