काकांचं टोकियो

टोकियो शहराची जितकी काळजी माझ्या मावशीच्या यजमानांनी वाहिली, तितकी तिथल्या नगरपालिकेनंही वाहिली नसेल. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मूळचे कन्नड तालुक्यातल्या पिशोर गावचे, घरची शेती भावांनी सांभाळलेली, आणि स्वतः वीज खात्यात लाइनमन म्हणून चिकटून पुढं फोरमन होऊन निवृत्त झालेले. जपानला ते कधी गेले नाहीत. खरं सांगायचं तर पुण्यालासुद्धा दोनदाच गेले आणि दोन्ही वेळा मुक्काम न करता परत आले. पण समुद्रातून एखादं डोंगराएवढं जनावर बाहेर पडून टोकियोत शिरलं, तर आधी कोणता भाग अंधारात जाईल आणि पुरवठा पूर्ववत व्हायला किती दिवस लागतील, हे त्यांना औरंगाबादेतल्या सिडकोतल्या खुर्चीत बसून पाठ होतं. हा नाद त्यांना तरुणपणीच लागला. खात्याच्या ट्रेनिंगला म्हणून शहरात आले असताना, ऊन चुकवायला ते एका टॉकीजमध्ये शिरले. पडद्यावर एक प्रचंड घोरपड विजेच्या तारा तोडत चालली होती. ट्रेनिंगमध्ये काय शिकवलं ते काकांना पुढं आठवेना, पण त्या घोरपडीनं कोणत्या बाजूची तार आधी तोडली ते शेवटपर्यंत आठवत होतं.

एरवी हा माणूस बोलायचाच नाही. मावशी कन्नडची, बाजाराच्या गावची. ती घरात शिरली की भांडीसुद्धा बोलायला लागत. तिच्या वाट्याला आलेल्या नवऱ्याचा शब्दसंग्रह 'व्हय', 'नाय' आणि 'बरं' इथं संपायचा. मी बोर्डात चांगल्या मार्कांनी पास झाल्याचे पेढे घेऊन गेलो तेव्हा काकांनी पेढा तोंडात टाकला, तो संपेपर्यंत माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "बरं." मावशीनं नंतर स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, की त्यांना फार आनंद झाला आहे. तो तिला कसा कळला ते तिलाच ठाऊक. लग्नाकार्यात लोक त्यांच्याशेजारी बसायला बिचकायचे. एकदा पिशोरला एका लग्नात वराचे मामा त्यांच्याशी पावसापाण्यावर बोलून, मग कापसावर बोलून, मग राजकारणावर बोलून थकले. जाता जाता ते सहज म्हणून गेले, की त्यांच्या पुतण्याच्या कारखान्यात जपानी मशीन आलं आहे. काकांनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. पहिली पंगत उठली, दुसरी बसली, तरी मामा उपाशीच होते आणि आकाशातून आलेल्या चंदेरी कपड्यांच्या पाहुण्यांनी जपानवर कसं गारूड केलं ते ऐकत होते.

घरात व्हीसीआर आला तेव्हा या नादाला खरा बहर आला. टीव्ही आधीच होता, चितेगावच्या टीव्हीच्या कारखान्यात लागलेल्या भाच्याच्या ओळखीनं स्वस्तात मिळालेला. गुलमंडीच्या मागं एक व्हिडिओ लायब्ररीवाला होता, त्याचा भाऊ आखातात असायचा. नवी कॅसेट आली की तो काकांना रस्त्यातच अडवून म्हणायचा, "साब, जपानी जनावर आया है, बिल्कुल ताजा." ती कॅसेट म्हणजे नकलेची नक्कल असायची. बोलणं सगळं जपानीत, आणि खाली इंग्रजी अक्षरं म्हणून जे काही होतं ते मुंग्या लागल्यासारखं दिसायचं. काय चाललं आहे हे कुणालाच कळायचं नाही. तेव्हा काका बोलायला लागले.

रविवारी दुपारी जेवणं झाली, की गल्लीतली आणि नात्यातली दहाबारा माणसं त्या खोलीत दाटीवाटीनं बसायची आणि काका पडद्यावरच्या एकूण एक पात्राचं बोलणं आम्हाला सांगायचे. जपानचा पंतप्रधान त्यांच्या तोंडून कन्नडच्या तहसीलदारासारखा बोलायचा. "तुमची दरखास्त मिळाली, चौकशी करू," असं तो म्हणेपर्यंत मागच्या खिडकीत जनावराचा पाय दिसायचा. शास्त्रज्ञ म्हणजे मास्तर. त्याचं कुणी ऐकत नसे. काकांच्या पहिल्या दोन इयत्ता निजामाच्या राज्यात उर्दूतून झाल्या होत्या, त्यामुळं लष्करी अधिकारी हटकून उर्दूत हुकूम सोडायचे. मास्तरांची मुलगी आणि पेपरात बातम्या देणारा पोरगा एकमेकांकडं बघायला लागले, की काका नाराज व्हायचे. "पोरगी गुणाची हाय," ते म्हणायचे, "पण शहर पडायलंय अन् हिला काय सुचायलंय."

त्यांची खरी रंगत मात्र विजेपाशी यायची. असल्या प्रत्येक सिनेमात एकदा तरी लष्कर जनावराच्या वाटेत विजेच्या तारा ताणतं, आणि जनावर त्या सुतळीसारख्या तोडून पुढं जातं. बाकीचे लोक तेव्हा जनावराकडं बघायचे, काका तारांकडं बघायचे. "पाय जमिनीवर हायेत, अर्थिंग पक्की हाय," ते बारीक डोळे करून निदान करायचे, "तरी मरत नाय म्हंजे व्होल्टेजच नाय. आपल्या पिशोरला रब्बीत मोटारी लागल्यावर येतं तसलं सोडलंय यांनी." टॉवर कोसळला की त्यांच्या तोंडून अस्सल कळवळा यायचा. माणसं पळताना दिसायची, पूल पडायचे, पण काका त्या पडलेल्या टॉवरवरच अडकलेले असायचे. वादळात पडलेली लाइन भर पावसात उभी करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. सिनेमा संपल्यावर लोक घरी जातात. तिथल्या लाइनमनची ड्युटी आता सुरू होते, असं त्यांचं म्हणणं होतं.

जनावराला राक्षस म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. गोगलगाय असो, विंचू असो, घोरपड असो, ते जनावर आहे आणि कुणीतरी त्याच्या वाटेला गेल्याशिवाय ते आलेलं नाही, हा त्यांचा सिद्धांत. "बैल बुजला तर बैलाला मारत नसतेत. दावं कुणी सोडलं ते बघावं." हे नुसतं बोलणं नव्हतं. ते कन्नडला नोकरीत असताना आठवडी बाजारात एक बैल खरंच उधळला होता. लोक ओरडत होते, दगड मारत होते आणि बैल आणखीच बिथरत होता. काकांनी मुकाट्यानं दोन हातगाड्या बाजूला सारल्या, मधे वाट झाली आणि बैल त्या वाटेनं बाजाराबाहेर निघून गेला. त्यांच्या सिनेमातली जनावरंही त्यामुळं कधी मरायची नाहीत. पडद्यावर ते धूड बुडबुडे सोडत समुद्रात दिसेनासं झालं, की काका सांगायचे, ते घरी गेलं. आम्हाला ते इतकं पटलेलं होतं, की जपानी समुद्राचा तळ म्हणजे एक मोठा गोठा आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मावशी या सगळ्याला आधी नाक मुरडायची. मग भाजी निवडण्याच्या निमित्तानं दारात बसायला लागली, आणि पुढं पुढं तर तिच्यासाठी जागा धरून ठेवावी लागायची. तिला जनावरांचं काही नव्हतं. आठवडाभर तीन शब्दांवर संसार करणाऱ्या बाईला रविवारी दोन तास नवरा ऐकायला मिळायचा, ही साधी गोष्ट होती. "लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळलं मला, की यांना बोलता येतं," असं ती हसून सांगायची. पण ते सांगताना तिचा चेहरा किती खुलायचा, हे मी पाहिलेलं आहे.

आणि मग केबल आली. एका रविवारी काकांची आवडती घोरपड केबलवर लागली, तीही हिंदीतून. काकांच्या सांगण्यात ही घोरपड म्हणजे एक आई होती. तिचं अंडं टोकियोवाल्यांनी उचलून अजायबघरात ठेवलं होतं आणि ती ते शोधत फिरत होती. आम्ही सगळे त्या अंड्यासाठी कितीदा तरी हळहळलो होतो. हिंदीत मात्र वेगळंच निघालं. ती घोरपड परग्रहावरच्या दुश्मनांनी बटण दाबून सोडलेली होती आणि अंड्याचा कुठं पत्ताच नव्हता. माझा मावसभाऊ, म्हणजे काकांचा मुलगा, तेव्हा इंजिनिअरिंगला होता. तो पोट धरून हसायला लागला. "बाबा, म्हणजे इतके दिवस तुम्ही सगळं मनचंच सांगत होता?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. गल्लीतली माणसंही हसली. काका उठले, कूलरमध्ये पाणी टाकतो म्हणाले आणि सिनेमा संपेपर्यंत बाहेरच थांबले.

त्यानंतर रविवार बंद झाले. टीव्ही चालू असायचा, पण काका पेपर उघडून त्याच्यामागं बसायचे. 'व्हय', 'नाय' आणि 'बरं' यांतलं 'बरं'सुद्धा कमी झालं. मावशीनं त्यांच्या आवडीची धपाटी करून बघितली, मुलाला बोल लावून बघितला, लायब्ररीवाल्याकडं स्वतः जाऊन कॅसेट आणून बघितली. कॅसेट तशीच टीव्हीवर पडून राहिली. शेवटी तिनं मला बोलावून घेतलं. "घर खायला उठतं रे," ती म्हणाली.

त्या रविवारी केबलवर पुन्हा तीच घोरपड होती. मी बसलो, मावसभाऊ बसला, काका पेपरामागं होते. मावशी लसणाचं ताट घेऊन पुढं आली, तिनं टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला आणि स्वतःच सांगायला लागली. इतकं भयंकर सांगणं मी आजवर ऐकलेलं नाही. घोरपड म्हणे सासूशी भांडून माहेराला निघाली होती. पंतप्रधान तिचा दीर होता आणि तिला परत न्यायला आला होता. रणगाडे हे तिच्या सामानाचे ट्रक होते. पेपर एकदा हलला, पुन्हा स्थिर झाला. मावशी लसूण सोलत पुढं चालली. "आता बघा, तिनं रागारागानं तो लाइटचा खांब पाडला."

पेपर खाली आला. "खांब नाय तो," काका म्हणाले. "टॉवर हाय. एकशेबत्तीस केव्हीचा."

"मला मेलीला काय कळतं," मावशी ताटातून मान वर न काढता म्हणाली. "मग तो पडल्यावर काय होतं?"

"काय होतं? आख्खी लाइन बसली आता." काकांनी पेपराची घडी घातली. "हिकडचा दवाखाना अंधारात गेला. अन् ती काय माहेराला निघालेली नाय. लेकरू हुडकायलीय ती."

मावसभाऊ खुर्चीवरून उठून खाली काकांच्या पायाशी जाऊन बसला. "बाबा," तो म्हणाला, "अंडं सापडतं का हो?" काकांनी त्याच्याकडं बघितलं. "सापडतं. दम धर," ते म्हणाले, आणि मग सुटलेच. आवाज थोडा बसलेला होता, पण तहसीलदार आला, मास्तर आले, उर्दूतले हुकूम आले. लाइनमनच्या घरात जन्म काढलेल्या बाईला खांब आणि टॉवर यातला फरक कळत नसेल, यावर माझा विश्वास नाही. मी तिला कधी विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही. शेवटी घोरपड पाण्यात उतरली, पाठ बुडाली, मग डोकं बुडालं, आणि पडद्यावर नुसतं पाणी उरलं. मावशीनं लसणाचं ताट बाजूला ठेवलं.

"आता ही परत यायची नाय का?" तिनं विचारलं.

"यील की," काका म्हणाले. "कुणी बोलवलं तर यील."

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. रविवारी दुपारी जेवणं उरकली, की त्यांना हाक मारावीशी फार वाटते.