सगळ्या डब्यांना एकच सेटिंग

वायरलेसच्या कामात माझा हात बसला तो शिडीवर. दोन हजारच्या दशकाचा शेवट, राजारामपुरीतल्या एका छोट्या कंपनीत मी इंजिनिअर, आणि शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचं नेटवर्क माझ्याकडं. तिथं छताजवळ पांढरे डबे लावलेले, प्रत्येक डब्यातून त्या त्या भागाला नेट मिळायचं. काही बदलायचं तर शिडी लावा, वर चढा, वायर जोडा, लॅपटॉप मांडीवर घ्या. मांडी कुठली, शिडीची वरची पायरीच. ओढणी कमरेला खोचून मी हे सगळं करायचे आणि खाली उभे प्राध्यापक 'जपून' म्हणायचे. जपूनच करत होते.

डब्यांच्या आत मात्र सावळा गोंधळ होता. माझ्या आधीचा इंजिनिअर गोड माणूस. ज्या विभागप्रमुखानं चहा पाजला, त्याच्या केबिनबाहेरच्या डब्याच्या सिग्नलचा जोर यानं पूर्ण वाढवून ठेवलेला. डायरेक्टर सरांना तर स्वतंत्र नावाचं नेटवर्क, त्याचा पासवर्ड दुसऱ्या कुणाला नाही. गुळाच्या सौद्यात सगळे एकदम ओरडायला लागले की कुणाचंच धड ऐकू येत नाही, तेच इथं हवेत होत होतं. मार खायची ती तळमजल्यावरची लायब्ररी. तिथं नेट यायचं ते घाईतल्या पाव्हण्यासारखं, टेकायच्या आत निघालं. आणि पोरांच्या नोकरीच्या ऑनलाइन चाचण्या नेमक्या तिथंच असायच्या, त्या मध्येच तुटायच्या.

मग कॉलेजनं कंट्रोलर घेतला. हे एक यंत्र आतल्या खोलीत बसतं आणि सगळ्या डब्यांना हुकूम सोडतं. सेटिंग एकदाच लिहायची, ती सगळीकडं जाते. एखाद्या डब्यात कुणी हातानं काही करून ठेवलं असेल तर ते पुसलं जातं. मला ते यंत्र बघताक्षणी आवडलं. मी सगळ्यांसाठी एकच सेटिंग लिहिली. शिपायापासून डायरेक्टरपर्यंत नेटवर्कचं नाव एकच, आणि कुठल्या डब्याचा जोर किती ते कंट्रोलर ठरवेल. आधी एकट्या लायब्ररीच्या डब्यावर चढवून बघितली, मग जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांवर. डबे एकेक करून बंद पडले, एकेक करून त्यांचे हिरवे दिवे लागले. एकही अडला नाही. मी खूश होते, आणि का नसावं, काम चोख झालं होतं.

सुट्टी संपायच्या आत डायरेक्टरांचा निरोप आला. त्यांचं नेटवर्क गायब. या एका कॉलेजवर आपलं निम्मं ऑफिस चालतं, असं मालकांनी मला आधीच बजावलं होतं. हे काम गेलं तर पाठोपाठ माझी नोकरी जाणार, हे वेगळं सांगायला नको होतं. मी वर गेले आणि सरांचा लॅपटॉप सगळ्यांच्या नेटवर्कला जोडून दिला. मेल भराभर उघडले.

"स्पीड हाय की," ते म्हणाले. "पण नाव सगळ्यांचंच हाय."

वेगळं नाव देणं सोपं आहे, मी सांगितलं, पण तुम्हाला दिलं की उद्या प्रत्येक विभागप्रमुख मागणार, आणि हवेत पुन्हा तोच गोंगाट होऊन लायब्ररीचं नेट बसणार. त्यांनी मला नीट न्याहाळलं. तोवर मी 'मॅडम' होते.

"गाव कुठलं तुझं?"

"कोडोली."

"कोडोलीत कुठं?"

हा दुसरा प्रश्न कशासाठी असतो ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. मी सरळ सांगितलं, बौद्ध वस्तीत, विहाराच्या मागं.

"तरीच," ते म्हणाले.

राग आला. आमच्या वस्तीचा नळ पाइपलाइनच्या अगदी शेवटी होता. वरच्या गल्ल्यांत मोटारी सुरू झाल्या की आमच्या नळातून नुसता फुसफुस आवाज यायचा, आणि आई रिकामी घागर लावून बसून राहायची. हे त्यांना सांगावं असं मला वाटलं नाही. मी म्हणाले, "सर, तुम्ही म्हणाल तर आत्ता वेगळं करून देते. फक्त लायब्ररीतल्या पोरांना तुम्ही खाली येऊन सांगा, त्यांचं का बंद पडलं ते."

त्यांनी माझ्यासमोरच मालकांना फोन लावला आणि दुसरा माणूस पाठवायला सांगितलं. आमचे मालक जैन व्यापाऱ्याच्या घरातले, गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. माझी नोकरी गेली असं मी धरून चालले. पण सरांनी 'बरं, बरं' म्हणत फोन ठेवला आणि मला जायला सांगितलं. मालक काय बोलले ते जिन्यात कळलं, त्यांचाच फोन आला तेव्हा.

"दुसरं कोण न्हाय म्हणून सांगितलंय," ते म्हणाले. "आणि असता तरी त्यानं हेच केलं असतं. ऱ्हाऊ दे तसंच."

मी तडक लायब्ररीत गेले. अगदी शेवटच्या कपाटामागं, जिथं नेट कधी पोचलंच नव्हतं, तिथं एक मुलगी फरशीवर बसून लॅपटॉपवर चाचणीचा सराव करत होती. येतंय का, मी विचारलं.

"येतंय की," ती म्हणाली. तिनं मानही वर केली नाही.

आमच्या नळावर कुणी असं उत्तर दिलेलं मला आठवत नाही. तिथं पाणी येतंय का विचारलं की आधी सगळ्यांच्या माना नळाकडं वळायच्या.