मांजर पाळत नाय, येतं

गरोदर बायकांच्या ओपीडीत अठरा वर्षं सिस्टर म्हणून काढली की फाइलींपेक्षा किस्सेच जास्त साठतात. फाइलींना निदान कपाट असतं. किस्से डोक्यात ठेवावे लागतात, आणि माझ्या डोक्यात आता जागा नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आमच्या फॉर्मवर टोक्सोप्लाझ्मोसिसचे चार प्रश्न आहेत. नाव मोठं, जंतू एवढासा. मांजराच्या विष्ठेतून मातीत जातो, मातीतून भाजीवर, कच्च्या मांसातूनही येतो. बाईला बहुतेकदा कळतही नाही, पण गरोदरपणात नव्याने झाला तर बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला त्रास होऊ शकतो. म्हणून विचारायचं. आणि विचारलं की उत्तरं येतात.

*

पाचूबंदरची एक मासळीवाली, पाचवा महिना. मी विचारलं, "घरी मांजर पाळता का?"

"नाय."

मी 'नाही'वर टिक केली आणि तिच्या पायावरचे ओरखडे दिसले. "हे कशाचे?"

"मांजराचे."

"आत्ता तर नाही म्हणालात."

"पाळत नाय ओ सिस्टर. येतात."

"किती?"

तिने बोटं मोजली. "मासली कापताना सहा. सुकवताना कोन मोजतंय?"

तेव्हापासून मी प्रश्नच बदलला. आता विचारते, "मासे कापताना शेजारी कोण कोण येऊन बसतं?" मग खरी नावं बाहेर पडतात. एकीने तर सासूचंही सांगितलं.

*

भुईगावच्या एक बाई, शाळेत मराठी शिकवतात. त्यांना विचारलं, "कच्चं मटण खाता का?"

"सिस्टर, मी शिक्षिका आहे, वाघीण नाही."

"बरं. खिम्याच्या कटलेटचं मीठ कसं बघता?"

"कसं म्हणजे, तळायच्या आधी जिभेवर थोडं ठेवून…" आणि बाईंनी स्वतःच जीभ चावली.

पुढच्या महिन्यात आल्या त्या खुशीत. "प्रश्न सुटला. आता मिस्टर चाखतात."

मी म्हटलं, "अहो, त्यांनी तरी कच्चं कशाला चाखायचं? एक छोटं कटलेट आधी तळा, ते खाऊन मीठ बघा."

बाईंनी आवाज खाली आणला. "तळलेलंच देते त्यांना. पण तळलेलं मीही चाखू शकते, एवढं त्यांना सांगू नका. लग्नानंतर पहिल्यांदाच स्वयंपाकघरात यायला लागलेत."

*

सांडोरच्या एकीची भाजीची वाडी आहे. भाजी धुता का विचारलं तर म्हणाली, "बाजारातली तीनदा धुते. घरची कशाला? घरचीच आहे ना ती."

तिला अर्धा तास समजावलं. माती ती माती, मांजर काही सातबारा बघून बसत नाही. भाजी धुवा, वाडीत हातमोजे घाला. पुढच्या खेपेला आली ती चक्क गुलाबी हातमोजे घालून. मला केवढं बरं वाटलं.

"वाडीत घालता ना रोज?"

"छे, मातीत खराब होतील ते. दवाखान्यात यायला ठेवलेत."

शेवटी मी घरून माझे भांडी घासायचे जुने हातमोजे आणून दिले. आधीच खराब आहेत म्हटल्यावर तिने ते रोज वापरले.

*

विरारच्या एका टॉवरमधला नवरा, आयटीवाला. बायकोला घेऊन आला, आणि बास्केटमधून मांजरही. "सिस्टर, मांजराची पण टेस्ट करून टाका. फॅमिली पॅकेज असेल ना काहीतरी?"

आमच्या डॉक्टर मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "मांजराचा शीचा ट्रे रोज कोण साफ करतं?"

"बायको."

"उद्यापासून तुम्ही."

"मी?"

बायको मागून शांतपणे म्हणाली, "मॅडम, हे औषधांच्या कागदावर लिहून द्या."

मॅडमनी लिहिलं: मांजराचा ट्रे, नवऱ्याने, दिवसातून एकदा, बाळंतपणापर्यंत. त्यापुढे 'व नंतरही चालू ठेवणे' कोणी लिहिलं ते ठाऊक नाही. अक्षर माझ्यासारखं आहे म्हणतात.

*

आता चिंचोटीच्या सासू-सुनेचं. सुनेचं पहिलं मूल आदल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं होतं. या वेळी तिसरा महिना लागला आणि रिपोर्ट आला, टोक्सो पॉझिटिव्ह. संसर्ग जुना असेल तर भीती नाही, ताजा असेल तर बाळाला धोका. ते कळायला दुसरी टेस्ट मुंबईला पाठवली. दहा दिवस थांबायचं होतं.

सासूबाईंनी घरी जाऊन पहिलं काम केलं. सात वर्षं आपल्या ताटातलं खाऊ घातलेला मन्या बोका टोपलीत घातला आणि वाडा गावी बहिणीकडे धाडला. मग रोज सकाळी मला फोन, "सिस्टर, आला काय?" नाही म्हणून मी लगेच लॅबला फोन लावायची. सून तपासणीला आली की खाली बघून बसायची.

दहाव्या दिवशी रिपोर्ट आला. मॅडमनी दोघींना समोर बसवलं. "संसर्ग जुना आहे. दिवस राहायच्या कितीतरी आधीचा. हिच्या शरीराने तेव्हाच त्याचा बंदोबस्त करून ठेवलाय. बाळाला आता त्याची भीती नाही."

सून रडायला लागली. माझेही डोळे भरले, म्हणून मी उगाच बीपीचं मशीन गुंडाळत बसले.

सासूबाईंनी मात्र पदर खोचला. "जुना म्हंजे कवाचा?"

"नेमकं सांगता येत नाही. लग्नाच्या आधीचाही असू शकेल."

"म्हंजे माहेरचा?"

मॅडम काही बोलायच्या आत त्यांनी बहिणीला फोन लावला. "अगो, मन्याला धाड परत. त्याचा काय दोष नाय. आमच्या सुनेच्या माहेरचं निघालं."

सुनेने डोळे पुसले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा सासूकडे नीट बघून म्हणाली, "आई, माहेराहून काय आनलं नाय, असं आता कुनाला सांगू नका."