बाईंच्या परातीतलं शेत

दोन हजार तेवीस साल. मला बाहत्तरावं चालू होतं. त्या साली आमच्या शाळेतल्या बाई जेवणाच्या डब्यात माती घेऊन फिरायच्या. एका कप्प्यात काळी, दुसऱ्यात मुरमाड, तिसऱ्यात ओढ्याकाठची पांढरी. रस्त्यात स्कूटी थांबवायच्या, चप्पल काढून बांधावर चढायच्या आणि ज्याचं रान असेल त्याला विचारून मूठभर माती घ्यायच्या. खुरपणाऱ्या बाया हसायच्या. "बाई, जालन्यात माती भेटत न्हाई का?" बाईही हसायच्या. "भेटते, पण कुंडीतली."

सातवीच्या पोरांना त्या बायामाणसांच्या हक्काचे कायदे शिकवत होत्या. पुस्तकातला धडा पोरं घोकून मोकळी व्हायची, म्हणून बाई स्वतःच साहित्य तयार करत होत्या. खिचडीच्या मोठ्या परातीत माती पसरून त्यांनी शेत केलं. आइस्क्रीमच्या काड्यांचे बांध, बाटलीच्या झाकणाची विहीर. आणि मग माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. "आबा, मला कायदा पाठ आहे, पण वाटणी माहीत नाही. मला शिकवा."

मी दुसरीत शाळा सोडलेला माणूस. पण भावाभावांची वाटणी निघाली की रान मोजायची दोरी धरायला सगळा गाव मलाच बोलावतो, आणि माझी दोरी कुणी मोडलेली नाही. बाईंनी योग्य माणूस धरला होता. मी तासभर बोललो. मधे कुठं थांबलो की त्या म्हणायच्या, "बरं, मग पुढं?" चूक म्हणणं त्यांना माहीतच नव्हतं. माणूस बोलत बोलत आपल्या पायानं अडचणीत जाईल, इतका त्यांना धीर होता.

माझ्याही घरात त्या साली वाटणी निघाली होती. दोन्ही पोरं मागं लागली होती. लेक कमल वडीगोद्रीला दिलेली. ती हक्कसोडीवर सही करून जाईल, हे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मीही.

बाईंनी मला वर्गात बोलावलं. मी टोपी घालून गेलो. परातीभोवती दोन पोरं आणि आरती नावाची पोरगी. तिघं भावंडं, असं ठरलेलं. पोरांनी विहिरीजवळची काळी आपल्याकडं घेतली आणि आरतीला मुरमाड दिलं. बाई रागावल्या नाहीत. मला म्हणाल्या, "आबा, वाटा आधी कोण उचलतं?"

"ज्यानं वाटे पाडले त्यानं शेवटी," मी म्हणालो. "ही आपली रीत हाये."

"बरं. मग आरती, तू उचल."

पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली. "थांबा बाई, थांबा!" करत त्यांनी सगळ्या काड्या उपटल्या. मग दोघांचं भांडण. "विहीर मधात ठेव ना रे, न्हाईतर ही तेच घेती!" एक जण पेन्सिलीनं माती मापायला लागला. वाटे इतके बराबर झाले की माझी दोरीसुद्धा लाजली असती.

पण माझ्या डोक्यात सणक गेली. "बाई, खेळ ठीक हाये. पोरीला लग्नात दिलेलं असतंय. परत वाटा कसला?"

अवघड प्रश्न आला की बाई तो पोरांकडं सरकवायच्या. त्या वर्गाकडं बघत उभ्या राहिल्या. आरती म्हणाली, "आबा, आमच्या दादाच्या लग्नात तर किती खर्चा झाला. मंग दादाचा वाटा गेला का?"

वर्ग हसला. "लई शिकली गं तू," म्हणून मी बाहेर पडलो, आणि पुढं बरेच दिवस शाळेच्या रस्त्यानं गेलो नाही.

बाईच आल्या. परात घेऊन. "आबा, बांध टिकत नाहीत, काड्या पडतात." बहाणा होता, मला कळत होतं. तरी माती ओली करून कशी दाबायची ते दाखवलं. दोघांचे हात चिखलात असताना त्या एवढंच बोलल्या, "पोरगी जन्मली की वाटेकरी झाली, लग्नानं ते जात नाही, असं कायदा सांगतो. मी पोरांना तेवढंच सांगते. बाकीचं त्यांनी घरी विचारायचं."

पोरी घरी विचारायला लागल्या, तसे त्यांचे बाप माझ्याकडं आले. "आबा, बाईला जरा समजून सांगा." मी म्हणालो, "तुम्हीच सांगा. त्या आरतीला द्यायला मला अजून उत्तर सापडलं न्हाई."

मग बाईंची मंठ्याकडं बदली झाली. परात त्यांनी शाळेतच ठेवली. जायच्या दिवशी घरी आल्या, आमच्या हिनं त्यांची ओटी भरली. ओट्यावर वाटणीची दोरी काढून ठेवलेली होती. बाईंनी ती बघितली. मला वाटलं, आता बोलतील. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, चांगलं खणखणीत. बाई वाकून पाया पडल्या आणि म्हणाल्या, "आबा, कमलताई कुठं दिल्यात?"

"वडीगोद्रीला."

"म्हणजे जवळच की," म्हणाल्या आणि स्कूटीला किल्ली लावली. धूळ खाली बसेपर्यंत मी दारात उभा होतो. खणखणीत उत्तर तोंडातच राहिलं.

संध्याकाळी थोरला म्हणाला, "आबा, ताईला परवा तहसीलला बोलवून घेतो. सही करून लगेच जाईल माघारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जीपनं मी वडीगोद्रीला गेलो. कमल चुलीपाशी होती. मला बघून दचकली, आणि माझं काम तिनंच ओळखलं. "आबा, सहीसाठी कशाला आलात एवढ्या लांब? द्या कागद, इथंच करते. मला भाकरी टाकायच्यात."

"कागद न्हाई आणला," मी म्हणालो. "रानात चल. तुझा वाटा बघायचाय."

तिचे हात पिठातच राहिले. मी चप्पल काढली आणि तिच्या भाकरी होईपर्यंत तिथंच भिंतीला टेकून बसलो.