हिरवागार तक्ता

त्या उन्हाळ्यात आमच्याकडं हिरवं असं एकच उरलं होतं : माझ्या कंप्युटरवरचा हातपंपांचा तक्ता.

मी पंचायत समितीच्या कचेरीतला साधा लिपिक. गावोगावचे ग्रामसेवक बंद पंपांची माहिती व्हॉट्सॲपवर पाठवायचे, ती मी एक्सेलमध्ये भरायचो. कुणाची आली, कुणाची राहिली, हे चटकन दिसावं म्हणून एक व्हिडिओ बघून मी सोय केली. चौकटीत काहीही टाइप केलं की ती आपोआप हिरवी. ‘दुरुस्त झाला’ लिहा, हिरवी. ‘पाइप सडले, पाणी नाही’ लिहा, तेवढीच हिरवी.

बैठकीत तक्ता पडद्यावर लावला. साहेबांनी लांबूनच पाहिला. “अरे वा, सगळे पंप चालू!” हिरवं म्हणजे नुसती माहिती आली, एवढंच मला सांगायचं होतं. तेवढ्यात ते इतरांना म्हणाले, “शिका जरा याच्याकडून.” वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच कुणी माझ्याकडून काही शिकणार होतं. मी मान लववली आणि पुढचा तक्ता लावला.

मग बेंबळी गावाच्या पुढच्या एका वस्तीवरून एक म्हातारी आली.

“भाऊसाहेब, दोन महिनं झालं पंप बंद हाय. सून सात महिन्यांची गरवार, हिरीत उतरून घागर आणती. कवा येनार तुमचा मानूस?”

मी तक्ता उघडला. तिच्या वस्तीची चौकट हिरवीगार. आत माझ्याच हातचं, ‘पाइप सडले’.

“येईल मावशी, दोन दिवसांत.”

शेजारच्या टेबलावरून आवाज आला, “मावशी, ह्यांच्या कंप्युटरात तुमच्या पंपाला लई पानी हाय!”

“मग त्येच्यातनंच दोन घागरी भरून द्या की,” म्हातारी म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं अजून आठवतं.

मेकॅनिक साहेबांच्या सहीनंच निघायचा, पण साहेबांना मी सांगितलं नाही. सांगायचं तर पहिल्या बैठकीपासून सांगावं लागलं असतं.

दहाव्या दिवशी ग्रामसेवकाचा फोन आला. सून विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली, पाय मोडला. पोटातलं लेकरू सुखरूप होतं. तेव्हा कुठं मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं बोललो. त्यांनी दार लोटून घेतलं.

“आणखी कुणाला माहीत आहे?”

“कचेरीबाहेर कुणाला नाही, साहेब.”

“मग आजच मेकॅनिक पाठव. रंग राहू दे तसाच.”

काम अर्ध्या दिवसाचं निघालं.

पुढच्या आठवड्यात म्हातारी पुन्हा आली. टेबलावर चिंचेचा गोळा ठेवला. “सून पडली अन् तुमी लगीच मानूस धाडला. न्हायतर गरिबाचं कोन बघतंय, भाऊसाहेब?”

निदान तिला तरी खरं सांगावं, असं मनात आलं होतं. मी चिंच घेतली आणि म्हणालो, “आमचं कामच आहे ते, मावशी.”